सरपंचाची सही कुणाच्या खिशात?

कोऱ्या कागदावर अंगठा घेऊन जमिनी गिळणारा सावकार आपल्या आजोबा-पणजोबांनी पाहिला. आज कागद नाही, अंगठा नाही. पण डाव तोच खेळता येतो. २४ एप्रिल १९९३ रोजी ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि राखीव जागांमुळे दलित, आदिवासी समाजातील स्त्रिया सरपंचाच्या खुर्चीवर बसल्या. वित्त आयोगाचा निधी खर्च करताना आता ई-ग्रामस्वराज प्रणालीवर सचिवाबरोबर सरपंचाचीही डिजिटल सही लागते. ही सही खरोखर सरपंचच करतात काय?

डिजिटल सही म्हणजे सहीचा फोटो नव्हे. पेन ड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या टोकनमध्ये किल्ल्यांची जोडी तयार होते. खासगी किल्ली टोकनमध्येच राहते, सार्वजनिक किल्ली कुणालाही देता येते. संगणक देयकातील मजकुराचा ठरावीक लांबीचा गणिती सारांश काढतो. त्यावर खासगी किल्लीने प्रक्रिया झाली की सही तयार होते. तिची पडताळणी सार्वजनिक किल्लीने होते. नंतर कुणी रकमेत एक शून्य जरी वाढवले, तरी सारांश बदलतो आणि पडताळणीत सही नापास होते.

पण ती सार्वजनिक किल्ली अमुक बाईंचीच, हे कशावरून? याची ग्वाही देते ते डिजिटल प्रमाणपत्र. प्रमाणन संस्था अर्जदाराची ओळख तपासून ते ठरावीक मुदतीसाठी देते. अशा संस्थांना परवाना देणारा नियंत्रक केंद्र सरकार नेमते.

व्यवस्था पक्की आहे. गोम पुढेच आहे. गणित किल्ली ओळखते, माणूस ओळखत नाही. टोकन आणि पिन ज्याच्या हाती, सही त्याच्या हाती. नाव मात्र सरपंचाचे! ‘ताई, तुम्हाला कशाला त्रास, आम्ही करतो’ असे म्हणत माजी सरपंच, ठेकेदार किंवा संगणक चालवणारा पोरगा टोकन ठेवून घेतो, तेव्हा तो ताईंचा त्रास नव्हे, अधिकार काढून घेत असतो.

कायदा काय म्हणतो? माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४२ नुसार खासगी किल्ली जपण्याची जबाबदारी प्रमाणपत्रधारकाची आहे. किल्लीची सुरक्षितता गेल्याचे प्रमाणन संस्थेला कळवेपर्यंत दायित्व त्याच्याच माथी राहते. म्हणजे पैसा खाणार एक आणि चौकशीला उभी राहणार आपली भगिनी!

म्हणून टोकन स्वतःजवळच ठेवा. पिन स्वतः ठरवा, कुणालाही सांगू नका. टोकन हरवले किंवा दुसऱ्याने बळकावले, तर प्रमाणन संस्थेला विनाविलंब कळवून प्रमाणपत्र रद्द करून घ्या. वस्तीतल्या शिकलेल्या मुला-मुलींनी देयक वाचून दाखवावे, रक्कम समजावून सांगावी. पिन मात्र सरपंचानेच टाकावा. लढून मिळवलेली खुर्ची आपली आणि सही दुसऱ्याच्या खिशात, हा प्रकार आता थांबलाच पाहिजे.