पाण्याची साक्ष

पाणी शुद्ध की अशुद्ध, हे कोणी व कशाच्या आधारे ठरवावयाचे? २० मार्च १९२७ रोजी महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. पुढे सनातन्यांनी शेण-गोमूत्र मिसळलेल्या घागरींनी तेच तळे ‘शुद्ध’ करून घेतले. ज्या पाण्यात शेण मिसळते, त्यास विज्ञान दूषित म्हणते. आपल्या विद्यार्थ्यांच्या ओढ्यावरील क्षेत्रभेटीकडे मी इतिहासाचा शिक्षक म्हणून याच दृष्टीने पाहतो.

विद्यार्थी दोन जागा निवडतात : एक सांडपाणी मिळते त्याच्या वर, दुसरी खाली. तुलनेवाचून निष्कर्ष नाही. दोन्हीकडे तापमान, सामू व विरघळलेला प्राणवायू मोजतात. २० अंश सेल्सिअसला एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ३० अंशांना साडेसातच. सांडपाण्यातील घाण कुजवताना जिवाणू तोही वापरून टाकतात.

परंतु हे आकडे त्या घटकेपुरते असतात. मागील काही आठवड्यांची हकीकत हवी असेल, तर ओढ्यातला दगड उलटून पाहावा लागतो. पोटाच्या दोन्ही कडांना कल्ले असलेली मेफ्लायची पिल्ले, वाळूचे कण स्वतःच्या रेशमाने जोडून घर बांधणाऱ्या कॅडिसफ्लायच्या अळ्या : यांतील बहुतेकांना भरपूर प्राणवायू लागतो. ओढा नासला की त्या आधी नाहीशा होतात आणि चिखलात लाल अळ्या तेवढ्या उरतात. त्यांचा रंग हिमोग्लोबिनचा; त्याच्या बळावर त्या अपुऱ्या प्राणवायूतही तग धरतात. आमच्या परिभाषेत हा समकालीन पुरावा, आणि हा साक्षीदार फितूरही होत नाही!

अर्थात, चांगल्या अळ्या सापडल्या म्हणजे पाणी पिण्यायोग्य झाले, असे नव्हे. त्यासाठी हायड्रोजन सल्फाइड चाचणीची बाटली असते. तीत पाणी भरून उबदार जागी ठेवावे. एक-दोन दिवसांत ते काळे पडल्यास मैला मिसळल्याचा संशय धरावा.

गावाचा पाणवठा प्रवाहाच्या वर आणि आपला खाली, ही व्यवस्था आपल्यापैकी अनेकांच्या आजा-आजींनी भोगली. खाली काय वाहून येते, हे त्यांनी सांगूनही कोणी मानीत नसे. आज आपली मुलगी वरचे व खालचे आकडे एका तक्त्यात शेजारी-शेजारी मांडते, आणि तो तक्ता ग्रामसभेपुढे ठेवता येतो.

पालकांना एक विनंती. या नोंदी वर्षातून दोनदा होतात : पूर ओसरून काही आठवडे लोटल्यावर आणि उन्हाळ्याच्या आरंभी. त्या दिवसांत लग्नकार्यासाठी मुलांना घरी नेऊ नये.