जास्वंदीचे पान का मुरडते?

तुमच्या खिडकीत किंवा गॅलरीत जास्वंदीची कुंडी आहे काय? असली तर पुढे वाचण्यापूर्वी उठा आणि शेंड्याकडची चार पाने नीट पाहून या. ती सपाट आहेत, की कडा मुरडून त्यांचे द्रोण झाले आहेत?

अलिबागेत समुद्राकडे तोंड असलेल्या एका गॅलरीत अशीच एक लाल जास्वंद होती. गणपतीत रोज फुले देणारी. एका चैत्रात तिची कोवळी पाने मुरडू लागली, कळ्या उमलण्याआधीच गळू लागल्या. घरच्या मंडळींनी मला विचारले. मी पदार्थविज्ञान शिकवणारा माणूस. झाडांचा जाणकार नव्हे. तरी ऐटीत सांगून टाकले, "ऊन वाढले आहे. रोज दोन तांबे पाणी जास्त घाला." आठ दिवसांत कुंडीत चिखल झाला, खालची पाने पिवळी पडली आणि शेंड्याची पाने होती तशीच! झाड टाकून देण्याची भाषा सुरू झाली.

माझे कोठे चुकले? तहानलेले पान मलूल होते, मुरडतेही, हे खरे. पानातील पेशी पाण्याने फुगलेल्या असतात, सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरावी तशा. दुपारी पानांतून जितके पाणी बाष्प होऊन जाते तितके मुळांकडून येत नाही. पेशींतील दाब उतरतो आणि पान लोंबते. पण मातीत ओल असेल तर हा दाब रात्रीतून भरून निघतो. म्हणून पान दुपारी नव्हे, सकाळी ऊन चढण्यापूर्वी पाहावे. सकाळी ताठ, दुपारी मलूल, तर तहान. सकाळीही मुरडलेलेच आणि हाताला कडक लागत असेल, तर दोष पाण्याचा नाही. एवढी साधी परीक्षा मी केली असती तर बिचारी मुळे आठ दिवस चिखलात गुदमरली नसती. मुळांनाही श्वासाला हवा लागते, बरे का!

मग कडक पान का मुरडते? एक प्रयोग करा. ट्रेसिंग पेपरचा दोन इंची चौकोन कापून ताटलीतील पाण्यावर अलगद ठेवा. पाहता पाहता त्याच्या कडा वर उचलल्या जातात आणि कागदाची सुरळी होते. खालची बाजू भिजून पसरली, वरची कोरडी राहिली. लांब झालेली बाजू सुरळीच्या बाहेर, आखूड बाजू आत. दोन धातूंची जोडपट्टी तापवली की वाकते, तीही याच कारणाने.

पानाचेही असेच आहे. दोन्ही बाजू सारख्या वेगाने वाढल्या तर पान सपाट राहते. कोवळेपणी एका बाजूच्या पेशींना इजा झाली की ती बाजू आखूड राहते, दुसरी वाढत जाते आणि पान आखूड बाजूकडे वळते. फरक एवढाच, की थोड्या वेळाने कागदाची वरची बाजूही भिजते व तो पुन्हा सपाट होतो. पानाची वाढ मात्र एकदाच होते. एकदा बसलेले वळण जात नाही.

ही इजा करतो कोण? मिरचीवरच्या अशा रोगाला आपले शेतकरी 'बोकड्या' म्हणतात. मिरचीची पाने वरच्या बाजूस वळली तर फुलकिडे आणि खाली वळली तर कोळी, असा त्यांचा ठोकताळा आहे. जास्वंदीवर केवळ दिशेवर विसंबू नका, भिंग घ्या. शाळेच्या प्रयोगशाळेतील दहापट मोठे दाखवणारे भिंग पुरेल. मी ते शेवटी घेतले, तेव्हा मुरडलेल्या शेंड्याच्या बेचक्यात कापूस चिकटल्यासारखे पांढरे ठिपके दिसले, आणि जवळच मुंग्यांची रांग. हा पिठ्या ढेकूण. तो सोंडेने रस शोषतो. त्याची एक गुलाबी जात तर लाळेतून विषारी द्रव्यही सोडते. त्याने शेंड्याची वाढ खुंटते आणि पानांचा कोबीसारखा गड्डा होतो. मुंग्या त्याच्या अंगातून झरणाऱ्या गोड रसासाठी येतात आणि त्याच्या शत्रूंना हुसकावतात. तेव्हा झाडावर मुंग्या चढताना दिसल्या की संशय घ्यावा.

नुसते पाणी मारून हा कीटक मरत नाही. त्याच्या अंगावर मेणाचे पीठ असते आणि पाण्याचे थेंब त्यावरून घरंगळतात. पाण्याचा पृष्ठताण दर सेंटिमीटरला सुमारे ७२ डाइन असतो. साबणाने तो निम्म्याहून कमी होतो, आणि द्रावण मेणावर पसरू शकते. एक लिटर पाण्यात चमचाभर सौम्य साबणाचा कीस आणि चमचाभर कडुनिंबाचे तेल घुसळून घ्या. (कपडे धुण्याची पावडर नको, पाने करपतात.) आधी एकाच पानावर लावून दिवसभर थांबा. मग संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूलाही लागेल असे फवारा. गड्डा झालेले शेंडे कापून साबणाच्या पाण्यात बुडवा. त्यांच्या घड्यांत फवारा पोचत नाही. अंडी कापसासारख्या पिशवीत सुरक्षित राहतात, म्हणून आठवड्याच्या अंतराने तीनदा फवारणी हवी.

फवारण्यापूर्वी भिंगातून आणखी एकदा पाहा. पांढऱ्या मेणाचे लांब धागे अंगावर असलेली, पिठ्याहून मोठी आणि चपळ अळी दिसली तर तिला मारू नका. ती क्रिप्टोलिमस नावाच्या भुंगेऱ्याची अळी. हा भुंगेरा १८९८ साली ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला. तो आणि त्याची अळी दोघेही पिठ्या ढेकणावरच जगतात.

त्या जास्वंदीची एक तक्रार मात्र भिंगाने सुटेना. जुन्या पानांच्या कडा तपकिरी होऊन आत वळल्या होत्या. तुम्ही भूगोलात खारे वारे वाचले आहेत. ते नावाप्रमाणेच मिठाचे तुषार आणतात. शिवाय किनाऱ्यावरील पुष्कळ विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते. समजा, लिटरमागे एकच ग्रॅम क्षार आहेत आणि तुम्ही रोज अर्धा लिटर घालता. शंभर दिवसांत कुंडीत ५० ग्रॅम क्षार गेले. पाणी पानांतून उडून जाते, क्षार मातीतच राहतात. माती खारट झाली की परासरणामुळे मुळांना पाणी ओढून घेणे जड जाते. झाड ओल्या मातीत उभे राहून तहानलेले!

अंगणातल्या झाडाची माती पावसाळ्यात धुऊन निघते. आपल्याकडील खारेपाटातली भाताची शेतीही पावसाने मीठ धुतल्यावरच पिकते. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने अशा जमिनीसाठी पनवेल-१, पनवेल-२ आणि पनवेल-३ या भाताच्या जाती काढल्या आहेत. छपराखालच्या कुंडीला मात्र तो पाऊस कधीच मिळत नाही. म्हणून महिन्यातून एकदा कुंडीचे भोक मोकळे करून भरपूर गोडे पाणी ओतावे आणि ते खालून वाहून जाऊ द्यावे. पानेही गोड्या पाण्याने धुवावीत.

त्या गॅलरीत हे सारे केले. तिसरी फवारणी झाल्यावर चारपाच दिवसांनी शेंड्याला बोटाच्या पेराएवढे एक पान आले, अगदी सपाट. त्या वर्षी गणपतीला फुले मिळाली. खालची चार पाने मात्र द्रोणासारखीच राहिली होती, आणि "ती कधी सरळ होणार?" असे घरची आजी मला पुढे कितीतरी दिवस विचारत होती.