लुसियस : उजेडाचे नाव

रोम शहरातील पॅन्थिऑन या प्राचीन देवालयाच्या दर्शनी आठ स्तंभांच्या वरच्या बाजूस जी ओळ कोरलेली आहे, तिचा मजकूर इतकाच, की लुसियसचा पुत्र मार्कस अग्रिप्पा याने तिसऱ्यांदा कॉन्सलपदी असताना हे बांधिले. परंतु त्या ओळीत 'लुसियस' हे नाव शोधू गेल्यास ते कोठेच सापडत नाही. सापडते ते केवळ 'एल' हे एकटे अक्षर, आणि त्यापुढे पुत्रवाचक शब्दाचे 'एफ' हे आद्याक्षर. एका अक्षरावर काम भागावे इतके हे नाव रोमन लोकांच्या अंगवळणी पडले होते, कारण प्रजासत्ताकाच्या उत्तरकाळी पुरुषांची नित्य वापरातील व्यक्तिनामे जेमतेम वीसच्या आत होती.

पुत्राचे नामकरण जन्मापासून नवव्या दिवशी होई. स्वतःचे नाव, मग कुळाचे, आणि बहुधा त्यापुढे शाखेचे, अशी नावाची मांडणी असे. सुल्ला या सेनानीचे पूर्ण नाव लुसियस कॉर्नेलियस सुल्ला होते. कन्येच्या वाट्याला मात्र सामान्यतः कुळाच्याच नावाचे स्त्रीलिंगी रूप येई, आणि कॉर्नेलियस कुळातील सख्ख्या बहिणी सगळ्याच कॉर्नेलिया ठरत. एवढ्या विचारी समाजाने आपल्या मुलींना स्वतःचे म्हणून नाव देऊ नये, ही गोष्ट मनाला लागते.

लॅटिनमध्ये उजेडाला 'लूक्स' म्हणतात, आणि लुसियस, किंवा जुन्या उच्चाराप्रमाणे लूकिउस, हे त्यावरूनच झालेले नाव. दिवस उजाडताना जन्मलेला तो लुसियस, अशी त्याची उपपत्ती इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातील पंडित व्हॅरो याने नोंदविली आहे. ती कधीकाळी खरी असेलही, पण पुढे नाव पडे ते घराण्याच्या रिवाजाने. इ. स. 37 मध्ये अँटियम येथे जन्मलेल्या एका बालकाला, भूमीचा स्पर्श होण्यापूर्वीच उगवत्या सूर्याचे किरण शिवले, असे चरित्रकार स्वेटोनियस सांगतो. त्या बालकाचे नाव लुसियसच होते, तथापि त्याच्या घराण्यात ग्नेयस आणि लुसियस या दोहोंपलीकडे तिसरे नाव ठेवीतच नसत, हेही तोच चरित्रकार नमूद करतो. इ. स. 50 मध्ये क्लॉडियस बादशहाने त्याला दत्तक घेतले, त्याचे जुने नाव सुटले, आणि जगाने त्याला निरो म्हणून ओळखले. क्लॉडियस कुळाने तर हे नाव पूर्वीच वर्ज्य केले होते; त्या कुळातील दोन लुसियसांपैकी एकावर दरोड्याचा व दुसऱ्यावर खुनाचा गुन्हा शाबीत झाला, तेव्हा उजेडाचे हे नाव त्यांनी एकमताने टाकून दिले.

मराठी वाचकाला मात्र हे नाव वाटते तितके परके नाही. लॅटिन 'लूक्स' आणि संस्कृत 'रुच्' हा धातू एकाच मुळाचे आहेत, असे भाषाशास्त्र सांगते. 'रुच्' म्हणजे प्रकाशणे; जे तेजाने मनात भरले ते आवडले, आणि तेथूनच आपले 'रुचणे' आले. लखलखते म्हणून सोन्याला 'रुक्म' म्हटले गेले, आणि रुक्मावरून रुक्मिणी. पंढरीची रखुमाई आणि रोमचा लुसियस यांची नावे एकाच धातूची आहेत.