एका हातावर किरण, दोन्ही हातांना बळ

१९१८-१९चा हिवाळा. महायुद्धाने आणि नाकेबंदीने बर्लिन उपाशी पडलं होतं. मुडदूस झालेली मुलं घरोघर होती: पाय धनुकलीसारखे वाकलेले, मनगटं जाड झालेली. डॉक्टर कुर्ट हुलडशिन्स्की यांनी अशा चार मुलांना पाऱ्याच्या दिव्याचे अतिनील किरण दिले. काही आठवड्यांत एक्स-रेमध्ये हाडं भरून येताना दिसू लागली. पुढचं नवल त्याहून मोठं. किरण एकाच हातावर पाडले, तरी दुसऱ्या हाताचं हाडही भरून आलं!

म्हणजे प्रकाश हाडाला भिडतच नव्हता. त्वचेत काहीतरी तयार होऊन रक्तातून अंगभर फिरत होतं. त्याला ‘ड जीवनसत्त्व’ हे नाव पुढे १९२२मध्ये मिळालं. त्वचेत कोलेस्टेरॉलच्या जातकुळीतला एक पदार्थ असतो. किरणांनी त्याच्या रेणूतलं एक कडं तुटतं, अंगाच्या उबेने रेणूची मांडणी बदलते आणि ड जीवनसत्त्व तयार होतं. आधी यकृत, मग मूत्रपिंड त्याच्यावर संस्कार करतं, तेव्हा कुठे आतडं अन्नातलं कॅल्शियम नीट शोषून घेतं. नाहीतर खाल्लेल्यापैकी जेमतेम १०-१५ टक्केच अंगी लागतं. युद्धानंतरच्या व्हिएन्नात हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी हेच पडताळलं: कॉड लिव्हर ऑइल द्या किंवा ऊन, मुडदूस हटतो.

पण कुपोषित बाळांबद्दलची एक गोष्ट मला फार अस्वस्थ करते. मुडदूस हा वाढत्या हाडांचा आजार. उपासमारीने ज्या मुलाची वाढच थांबली आहे, त्याच्या हाडांत तो लपून राहू शकतो. मूल खायला लागतं, वजन चढतं, हाडं पुन्हा वाढू लागतात आणि मग कमतरता उघडी पडते. मूल बरं होत असतानाच! म्हणूनच तीव्र कुपोषणावरच्या तयार उपचारात्मक आहारात ड जीवनसत्त्वही घातलेलं असतं.

आपल्याकडे तेल लावून बाळाला सकाळच्या कोवळ्या उन्हात धरतात. त्या तिरप्या उन्हात हवे ते किरण फार थोडे पोचतात, आणि बंद खिडकीची काच तर ते जवळपास सगळेच अडवते. आईच्या दुधातही हे जीवनसत्त्व अगदी कमी. त्यामुळे बालरोगतज्ज्ञ पहिलं वर्षभर रोज ४०० युनिटचे थेंब लिहून देतात.