पहिल्याच बोलीत उतरलेला भाव

मंडईत भाजीवाली वांग्यांचा भाव तीस रुपये पाव सांगते, गिऱ्हाईक वीस म्हणते आणि पंचविसाला जमते. पहिला भाव चढा सांगावा, हे कुणाला शिकवावे लागत नाही. मग पक्षाच्या नेत्यांना एवढेही का कळत नाही, असा प्रश्न त्यांच्याच कार्यकर्त्यांना पडतो. बोलणी सुरू होण्याआधीच आपली माणसे निम्म्यावर कशी येतात? घाबरले, विकले गेले, ही उत्तरे लगेच तोंडावर येतात. कधीकधी ती खरीही असतात. पण तेवढ्याने उलगडा होत नाही.

अमेरिकेचे उदाहरण घेऊ. बराक ओबामा 2009 साली अध्यक्ष झाले, तेव्हा त्या श्रीमंत देशात साडेचार कोटींहून अधिक लोकांकडे आरोग्य विमा नव्हता. मोठे दुखणे आले, की घरदार गहाण पडण्याची पाळी. डेमोक्रॅटिक पक्षातल्या बऱ्याच जणांना वाटे, की सरकारनेच सर्वांचा विमा उतरवावा. ही झाली चढी बोली. ती टेबलावर आलीच नाही. मे 2009 मध्ये सिनेटच्या अर्थ समितीच्या सुनावणीत, हा पर्याय चर्चेला का नाही, असे उभे राहून विचारणाऱ्या डॉक्टरांना आणि कार्यकर्त्यांना पोलिसांनी बाहेर नेऊन अटक केली. समितीचे अध्यक्ष मॅक्स बॉकस डेमोक्रॅटच होते!

पक्षाने पुढे केलेली योजना मधली होती. खासगी विमा कंपन्या राहतील, प्रत्येकाने विमा घ्यायचा, ज्याला परवडत नाही त्याला सरकार मदत देईल. गंमत अशी, की सक्तीच्या विम्याची ही कल्पना 1989 मध्ये हेरिटेज फाउंडेशन या उजव्या विचारांच्या संस्थेने मांडली होती आणि मॅसॅच्युसेट्समध्ये ती 2006 साली अमलात आली, तेव्हा तिथले गव्हर्नर होते रिपब्लिकन मिट रॉम्नी. समोरच्याचाच माल समोरच्याला दाखवला, निदान तो तरी घेईल म्हणून. दोन्ही पक्षांचे तीन-तीन सिनेटर उन्हाळाभर बैठका करत राहिले. मार्च 2010 मध्ये प्रतिनिधिगृहात 219 विरुद्ध 212 असे मतदान होऊन विधेयक संमत झाले, तेव्हा रिपब्लिकनांचे एकही मत बाजूने पडले नाही.

मग इतके उतरून मिळवले काय, असे तुम्ही म्हणाल. मंडईचा हिशेब चुकतो तो इथे. वांगी भाजीवालीच्या मालकीची असतात, सभागृहातली मते नेत्याच्या मालकीची नसतात. सिनेटमध्ये विरोधकांनी अडवून धरलेले विधेयक पुढे न्यायला 100 पैकी 60 मते लागतात. डेमोक्रॅटांकडे दोन अपक्ष धरून बरोबर 60 होती. त्यातले एकही गळून चालणार नव्हते. तेव्हा खरी घासाघीस घरातच चालली होती. नेब्रास्काचे बेन नेल्सन, कनेक्टिकटचे अपक्ष जो लिबरमन अशांशी. खासगी कंपन्यांच्या जोडीला एक सरकारी विमा योजनाही असावी, ही तरतूद प्रतिनिधिगृहाने नोव्हेंबर 2009 मध्ये संमत केली होती. लिबरमन अडून बसले आणि डिसेंबरात सिनेटमध्ये ती गळाली. आपल्याला बाहेरून जी पक्षाची पहिली बोली दिसते, ती पुष्कळदा घरातल्या भांडणाची शेवटची बोली असते.

शिवाय जुनी जखम होती. 1993-94 मध्ये क्लिंटन यांनी भलीमोठी आरोग्य योजना आणली, विमा कंपन्या तिच्यावर तुटून पडल्या, योजना बारगळली आणि त्याच वर्षी पक्षाने दोन्ही सभागृहे गमावली. दुधाने तोंड पोळलेली मंडळी ताकही फुंकून पिऊ लागली. जून 2009 मध्ये औषध कंपन्यांशी आधीच तडजोड झाली. दहा वर्षांत 80 अब्ज डॉलरचा भार त्यांनी उचलायचा आणि विरोध करायचा नाही.

पण मला सर्वांत मोठे वाटते ते कारण वेगळे आहे. ज्याला टेबलावरून उठून जाता येते, त्याचा भाव टिकतो. काहीच झाले नाही तरी रिपब्लिकनांचे काही बिघडणार नव्हते. विमा नसलेल्यांचे बिघडणार होते आणि त्यांच्या वतीने बोलणाऱ्यांना रिकाम्या हाताने परतणे परवडणारे नव्हते. आपल्याकडे ऑक्टोबर 2014 मध्ये याचाच दुसरा नमुना दिसला. विधानसभेच्या 288 पैकी 122 जागा मिळवूनही भाजपला बहुमत नव्हते, म्हणजे 63 आमदारांच्या शिवसेनेला भाव होता. मतमोजणीच्याच दिवशी 41 आमदारांच्या राष्ट्रवादीने न मागता बाहेरून पाठिंबा जाहीर केला आणि भाजपची गरज संपली. सेना काही दिवस विरोधी बाकांवर बसली, डिसेंबरात सत्तेत आली, पण उपमुख्यमंत्रिपद काही मिळाले नाही.

चढ्या बोलीने तरी सगळे साधते का? रिपब्लिकन सात वर्षे म्हणत होते, की ओबामांचा कायदा मुळापासून उपटू. 2017 मध्ये अध्यक्ष त्यांचा, दोन्ही सभागृहे त्यांची, सिनेटमध्ये 52 जागा, आणि साध्या बहुमताने भागेल अशी वाटही काढलेली. तरी घरात एकमत होईना. शेवटी काटछाट करून उरलेले विधेयक मतास टाकले, तेही 28 जुलैच्या पहाटे 49 विरुद्ध 51 असे पडले. जॉन मॅकेन यांच्यासह तिघे स्वपक्षीय विरोधात गेले होते.

म्हणून 2009 च्या डेमोक्रॅटांना सरसकट भित्रे म्हणायला मी तयार नाही. एक दोष मात्र त्यांच्या पदरात टाकावाच लागेल. मोठी मागणी आधी मांडली असती, तरी साठावे मत लिबरमन यांच्याच खिशात राहिले असते, हे कबूल. पण काय सोडावे लागले आणि कोणामुळे, हे लोकांना दिसले असते. ते न दिसल्यामुळे मधली योजनाच टोकाची ठरली. विरोधकांनी तिलाही समाजवाद म्हटले आणि स्वतःच्या कार्यकर्त्यांनी शरणागती. विमा नसलेल्यांची संख्या 2023 पर्यंत सुमारे 2 कोटी 60 लाखांवर उतरली होती. सरकारनेच सर्वांचा विमा उतरवावा, ही मागणी 2016 मध्ये बर्नी सँडर्स यांनी अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी लढताना पुन्हा पुढे आणली.