अधिवेशनाला निघालात? जेवायचं कुठं ते आधी ठरवा!

अधिवेशनाहून परत आलेल्या माणसाला पहिला प्रश्न "नाटक कसं झालं?" असा कुणी विचारत नाही. "जेवण कसं होतं?" हाच विचारतात. बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन दर दोन वर्षांनी कुठल्या तरी नव्या शहरात भरतं, संयोजक मंडळी आपापल्या नोकऱ्या सांभाळून दोन वर्षं राबतात, आणि लोकांच्या लक्षात राहते ती श्रीखंडाची रांग! त्यात संयोजकांचा दोष फार कमी असतो. अनेक कन्व्हेन्शन सेंटर्समध्ये स्वयंपाकघर त्यांच्याच ठरलेल्या केटररच्या ताब्यात असतं. आपला माणूस बाहेरून आणायचा तर परवानगी, विमा आणि वरून फी. एवढं करून तीन दिवस हजारो पानं वाढणं म्हणजे लग्नघर नव्हे, युद्धाची छावणीच.

मी पेशानं इंजिनियर, तेव्हा रांगेत उभा असताना हिशोब केल्याशिवाय राहवत नाही. समजा ३,००० माणसं, १० टेबलं, प्रत्येक टेबलाच्या दोन्ही बाजूंनी रांग. म्हणजे २० रांगा, प्रत्येकीत १५० जण. माणशी १५ सेकंद धरले तरी शेवटच्या माणसाच्या ताटात पहिला घास पडायला साडेसदतीस मिनिटं. आता दहातल्या एकानं थांबून "यात कांदा आहे का हो?" असं विचारलं आणि उत्तर मिळायला मिनिट लागलं, की अकरा मिनिटं आणखी वाढली. मागची मंडळी चुळबुळ करतात, विचारणारा ओशाळतो, आणि वाढणारा व्हॉलंटियर, जो मुळात सॉफ्टवेअरवाला आहे, तो अंदाजानं काहीतरी सांगून मोकळा होतो.

या अंदाजाचीच मला भीती वाटते.

आमच्या मुलीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. तीन वर्षांची असताना एका वाढदिवसाला चिक्कीचा तुकडा तोंडात घातला आणि पाच मिनिटांत ओठ सुजले, श्वास घरघरू लागला. ॲम्ब्युलन्स वेळेवर आली. तेव्हापासून एपिनेफ्रिनची दोन इंजेक्शनं आमच्याबरोबर सगळीकडे फिरतात, अगदी देवळातसुद्धा. पुढं ती आठ वर्षांची असताना एका अधिवेशनात रांगेत काकडीची कोशिंबीर आली. मी वाढणाऱ्या ताईंना इंग्रजीतच विचारलं, "यात नट्स आहेत का?" त्या हसून म्हणाल्या, "छे हो, नट्स कुठले? बिनधास्त घ्या. फक्त दाण्याचं कूट आहे थोडं."

त्या ताई खोटं बोलत नव्हत्या. आपल्या डोक्यात नट्स म्हणजे काजू, बदाम, पिस्ते; दाणे म्हणजे दाणे, ते जवळजवळ मिठासारखे. वनस्पतिशास्त्राच्या हिशोबानंही शेंगदाणा डाळींच्या कुळातला. पण माझ्या मुलीच्या शरीराला वनस्पतिशास्त्र कळत नाही. तेव्हापासून मी प्रश्न मराठीत आणि पदार्थाचं नाव घेऊन विचारतो: "दाणे, दाण्याचं कूट, दाण्याचं तेल, यातलं काही?" भरली वांगी, साबुदाण्याची खिचडी, कोशिंबिरी, पातळभाजी, चटण्या, लाडू, आपलं अर्धं स्वयंपाकघर दाण्यांवर उभं आहे. तेव्हा "थोडंसं खाल्लं तर काही होत नाही" म्हणणाऱ्या मावश्यांना एवढंच सांगणं, की होतं.

दुकानातल्या पाकिटांचं बरं आहे. अमेरिकेत २००६ पासून शेंगदाणा, गहू, दूध वगैरे आठ मुख्य ॲलर्जीकारक पदार्थ वेष्टनावर स्पष्ट लिहावे लागतात आणि २०२३ पासून त्यांत तिळाची भर पडली आहे. पण हा कायदा वेष्टनापुरता. कढईवर लेबल नसतं.

गव्हाचं तर आणखी मजेशीर. ज्यांना सिलिॲक रोग आहे त्यांना गहू अजिबात चालत नाही, हे आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. पोळी आणि शिरा बाजूला ठेवला की झालं, असं वाटतं. पण आपल्या डबीतला हिंग शुद्ध नसतो. तो डिंक आणि पीठ घालून तयार केलेला असतो, आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचं असतं. म्हणजे फोडणीत हिंग घातलेलं साधं वरणसुद्धा गेलं! गेल्या दिवाळीला आमच्या मंडळात सौ.नं प्रत्येक भांड्यापुढं कार्ड ठेवलं होतं: दाणे, काजू, गहू, दूध, कांदा-लसूण, यांतलं काय आहे ते. चौदा पदार्थ, एका संध्याकाळचं काम. आमटीपुढचं "गहू (हिंगातून)" वाचून एक ज्येष्ठ काका चष्मा वर करून म्हणाले, "सत्तर वर्षं हिंग खातोय, हे कुणी बोललं नाही मला!" रांग मात्र त्या दिवशी भराभर सरकली.

याच कार्डांमुळं आणखी एक गोष्ट लक्षात आली. उपासाचं टेबल सिलिॲकवाल्यांना उत्तम चालतं. वरई, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा, कशातच गहू नाही. मात्र तेच टेबल आमच्या मुलीला पूर्ण वर्ज्य, आणि मधुमेह्यांसाठीही साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. थोडक्यात, "स्पेशल डाएट" असं एकच टेबल मांडून भागत नाही. एकाचं पथ्य ते दुसऱ्याचं कुपथ्य.

आता हॉलबाहेर पडू. सगळी जेवणं आतच घ्यावीत असा कुठं नियम आहे? दोन वेळा आत, एक वेळ बाहेर, असं केलं तर जिभेलाही बदल मिळतो आणि पथ्यही सांभाळता येतं. मी उदाहरण घेतो फिलाडेल्फियाचं, कारण २००९ चं अधिवेशन तिथं झालं तेव्हा मी नुकताच एम.एस. संपवून नोकरीला लागलो होतो, आणि पुढं कंपनीच्या प्रदर्शनांच्या निमित्तानं त्याच इमारतीत बऱ्याच खेपा झाल्या.

कन्व्हेन्शन सेंटर १९९३ साली उघडलं, पण त्याच्या शेजारचं रीडिंग टर्मिनल मार्केट त्याहून बरोबर शंभर वर्षांनी मोठं, १८९३ चं. वर रेल्वेचं स्टेशन आणि खाली बाजार, अशी ती रचना. गाड्या १९८४ साली बंद झाल्या, वरची ती भव्य कमानदार शेड आता कन्व्हेन्शन सेंटरचाच भाग आहे, आणि खालचा बाजार अजून जोरात चालतो. बाराव्या रस्त्याचं आणि आर्च स्ट्रीटचं नाक गाठलं की वासावरून पत्ता सापडतो. फक्त एक गोष्ट बघून घ्या: २०११ साली सेंटर वाढून पार ब्रॉड स्ट्रीटपर्यंत गेलं. तुमचा कार्यक्रम त्या टोकाला असेल आणि बरोबर गुडघे दुखणारे आई-वडील असतील, तर बाजारात जाऊन परत यायला मध्यंतराची अर्धी वेळ जाते.

बाजारात शाकाहारी माणसानं काय खावं? फळांचे ढीग, ताजा ब्रेड, चीज, लोणची, आणि लँकेस्टरकडच्या अमिश लोकांची दुकानं. तिथं हातानं वळलेले गरम प्रेट्झेल मिळतात; त्यावर लोणी फासतात, तेव्हा व्हीगन मंडळींनी बिनलोण्याचं मागावं. पाय घेताना मात्र पारीत डुकराची चरबी आहे का ते विचारा. जुन्या पद्धतीच्या पायमध्ये ती असू शकते. आईस्क्रीम बॅसेट्सचं. ही कंपनी १८६१ ची, आणि बाजार सुरू झाला तेव्हापासून तिथं आहे. ज्यांना दूध चालत नाही त्यांनी शहरात कुठंही "वॉटर आईस" मागावं. आपल्या बर्फाच्या गोळ्याचा हा मऊसूत चुलतभाऊ. आणि फिलाडेल्फियाचं नाव ज्यानं गाजवलं ते चीजस्टेक म्हणजे बीफ, हे पाहुण्यांना आधीच सांगून ठेवलेलं बरं. "चीज" एवढंच ऐकून रांगेत उभी राहिलेली मंडळी मी पाहिली आहेत.

बाजार संध्याकाळी सहाला मिटतो. म्हणजे रात्रीच्या जेवणाला उपयोग नाही. त्यासाठी आर्च स्ट्रीटनंच पूर्वेला दोन चौक चाला. दहाव्या रस्त्यावर चिनी कमान दिसेल, १९८४ साली उभारलेली. तिथून चायनाटाऊन सुरू. नेहमीच्या चिनी हॉटेलात "व्हेजिटेबल" डिशवर ऑयस्टर सॉस पडतो आणि सूप कोंबडीच्या पाण्यातलं असतं. पण बौद्ध पद्धतीची निव्वळ शाकाहारी चिनी हॉटेलं हा वेगळाच प्रकार. तिथं "बदक" आणि "मासा" नावाचे पदार्थ सोयाचे आणि ग्लूटेनचे असतात, तेव्हा नाव वाचून उठून जाऊ नका (सिलिॲकवाल्यांनी मात्र जरूर उठावं). बौद्ध परंपरेत कांदा आणि लसूण वर्ज्य, म्हणून जैन मित्रांची अर्धी अडचण तिथंच सुटते. बटाटा, गाजर, आलं तेवढं वगळायला सांगायचं.

मार्केट स्ट्रीटखालून धावणारी गाडी पकडून पश्चिमेला पेन विद्यापीठाच्या बाजूला गेलं, तर विद्यार्थ्यांच्या वस्तीत भारतीय हॉटेलं आहेत, आणि पुढं इथिओपियन. इथिओपियन जेवण आपल्या लोकांना फारसं ठाऊक नाही, ही खंत आहे. त्यांच्या ख्रिस्ती परंपरेत बुधवार-शुक्रवार उपास, आणि उपास म्हणजे मांस, दूध, अंडी बंद. त्यामुळं डाळींचे आणि भाज्यांचे प्रकार भरपूर. "फास्टिंग" थाळी मागितली की पूर्ण व्हीगन जेवण समोर येतं, एकाच मोठ्या ताटात, हातानं खायचं. माझ्या सासूबाई बाहेरचं सहसा खात नाहीत, पण तिथल्या मसुरीच्या डाळीला त्यांनी "आपल्यासारखीच आहे हो" असं प्रशस्तिपत्रक दिलं. खालची आंबोळीसारखी इंजेरा टेफ नावाच्या धान्याची असते. टेफमध्ये गव्हातलं ग्लूटेन नाही, पण अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी पीठ मिसळतात, तेव्हा विचारून घ्या.

विचारायचं कसं, यालाही तंत्र आहे. "इज धिस व्हेजिटेरियन?" या प्रश्नाला वेटर "हो" म्हणणारच. त्यापेक्षा "भात कशाच्या पाण्यात शिजवता? तळणीचं तेल मासे-चिकनला तेच का? बीन्समध्ये लार्ड आहे का?" असं विचारा. उत्तर ठाऊक नसेल तर तो आत जाऊन विचारतो, आणि तेच आपल्याला हवं असतं. फोन करायचा तर दुपारी तीनच्या सुमारास. साडेबाराला केलात तर कुणालाही बोलायला सवड नसते. बटाट्याच्या फ्रेंच फ्राईज तरी निर्धोक, असं समजणाऱ्यांनी मॅकडोनाल्ड्सचा किस्सा आठवावा. १९९० साली त्यांनी वनस्पती तेल वापरायला सुरुवात केली, पण चवीसाठी गोमांसाचा अर्क तसाच राहिला. २००१ मध्ये शाकाहारी लोकांनी खटला भरला, आणि २००२ मध्ये कंपनीनं माफी मागून शाकाहारी, हिंदू आणि इतर संस्थांना १ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं.

अधिवेशन जुलैच्या सुरुवातीला असेल तर पंचांगही बघा. २००९ साली आषाढी एकादशी ३ जुलैला आली होती. अशा वेळी बाजारातली फळं आणि घरून नेलेला राजगिऱ्याचा लाडू यांवर दिवस छान निघतो. विमानानं जात असाल तर कोरडं सगळं चालतं. पण चटणी, लोणचं, श्रीखंड, तूप हे सुरक्षा तपासणीच्या लेखी द्रव, आणि हातातल्या बॅगेत १०० मिलिलिटरच्या वर नेता येत नाही. हॉटेलच्या खोलीत कृपया फोडणी घालू नये. एका अधिवेशनात मोहरी तडतडल्याबरोबर अलार्म वाजला आणि अकरा मजले नाईटगाऊनमध्ये रस्त्यावर उभे होते.

इन्शुलिन घेणाऱ्यांसाठी शेवटचं, पण घाईनं वाचू नका. पत्रिकेवर जेवण साडेबाराचं असतं. अध्यक्षांचं भाषण लांबतं, मग सत्कार, मग आभार, आणि वर सांगितलेली साडेसदतीस मिनिटं. माझी आई उन्हाळ्यात आमच्याकडे येते. ताट हातात आल्याशिवाय ती जेवणाआधीचं इंजेक्शन घेत नाही. पर्समध्ये ग्लुकोजच्या गोळ्या असतातच. साखर उतरली तर १५ ग्रॅम घ्यायच्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. खोलीत फ्रिज हवा असेल तर बुकिंग करतानाच "इन्शुलिनसाठी" असं सांगा. बहुतेक हॉटेलं सोय करतात.

आणि फिलाडेल्फियाला जाणाऱ्यांनो, प्रेट्झेल शनिवारीच खाऊन घ्या. अमिश लोकांची दुकानं रविवारी बंद असतात.