वादळात गाव गेलं, कचेरी उभी राहिली

३२ फूट रुंद आणि १०९ फूट खोल विहीर. माणसांनी कुदळ-फावड्याने खोदलेली, आतून दगडाने बांधून काढलेली. तुम्ही म्हणाल, आपल्याकडे विहिरींना काय तोटा? पण ही विहीर अमेरिकेतली आहे, कॅन्सस राज्यातल्या ग्रीन्सबर्ग नावाच्या गावातली. १८८७ साली खोदायला घेतली आणि १८८८ साली पुरी झाली. रेल्वे येत होती, गाव वसत होते, दोघांनाही पाणी हवे होते. १९३२ पर्यंत गाव याच विहिरीचे पाणी प्यायले. पुढे १९३९ पासून, हाताने खोदलेली जगातली सर्वांत मोठी विहीर म्हणून ती पाहुण्यांना दाखवायला सुरुवात झाली. आजही जिना उतरून आत जाता येते.

अमेरिका म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे न्यूयॉर्कच्या उंच इमारती येतात. त्या देशाच्या मधोमध मात्र शेकडो मैल सपाट माळ आहे. गहू, ज्वारी, मका आणि गुरे, एवढाच तिथला कारभार. वाटेत मधूनच एखादे गाव लागते, त्यात एक कचेरी, एक शाळा, एक धान्याचा कोठा. अशाच एका गावाची ही हकीकत आहे. शेतकऱ्यांनी ती वाचावीच, पण सरपंच, ग्रामसेवक आणि तलाठी मंडळींनी जरा अधिक लक्ष देऊन वाचावी.

आधी तिकडचा कारभार समजून घेऊ. कॅन्सस राज्यात १०५ काउंट्या आहेत. काउंटी म्हणजे आपला जिल्हाही नाही आणि तालुकाही नाही, दोन्हींच्या मधले काहीतरी. ग्रीन्सबर्ग हे कायोवा काउंटीचे ठाणे. कायोवा हे मूळच्या रहिवाशांचे, म्हणजे तिथल्या आदिवासी जमातीचे नाव. १८६७ साली जवळच्याच मेडिसिन लॉज येथे करार झाला आणि त्या जमातीला दक्षिणेकडे राखीव जमिनीत जावे लागले. नाव तेवढे काउंटीला राहिले.

या काउंटीचे क्षेत्र सुमारे १८७० चौरस किलोमीटर. आपले दोन तालुके त्यात आरामात बसतील. लोकसंख्या किती असेल? २०२० च्या जनगणनेत अवघी २४६०. आपल्याकडे एवढी माणसे एका बऱ्यापैकी गावात असतात.

आता गंमत बघा. एवढ्याशा लोकांसाठी पूर्ण कचेरी आहे, आणि तिच्यातले बहुतेक अधिकारी लोकांनी मते देऊन निवडलेले असतात. तीन आयुक्त कारभार बघतात. ते तर निवडून येतातच, पण काउंटीचा कारकून, खजिनदार, शेरीफ म्हणजे पोलीस प्रमुख, सरकारी वकील आणि जमिनीचे दस्त नोंदवणारा अधिकारी हेसुद्धा निवडून येतात. म्हणजे आपल्या दुय्यम निबंधकाला दर चार वर्षांनी गावात मते मागत फिरावे लागले तर कसे होईल, तसा हा प्रकार. बरा की वाईट हे तुम्हीच ठरवा. सातबाऱ्यासाठी हेलपाटे घातलेल्या माणसाला तो बराच वाटेल.

कचेरी ज्या गावात, ते गाव टिकते. कोर्ट, नोंदणी, कर भरणा यासाठी सगळ्या काउंटीची माणसे तिथे येणार, येताना बाजार करणार, हॉटेलात बसणार. त्यामुळे १८८० च्या दशकात कॅन्ससमध्ये ठाणे कुठे असावे यावरून गावागावांत अक्षरशः बंदुका निघाल्या. स्टीव्हन्स काउंटीतल्या ह्यूगोटन आणि वूड्सडेल या दोन गावांच्या वैरात १८८८ साली चार माणसे मारली गेली. ज्या गावांना ठाणे मिळाले नाही, त्यांतली कित्येक पुढे नकाशावरून पुसली गेली. वूड्सडेलचेही तेच झाले.

ग्रीन्सबर्गला ठाणे मिळाले. १९१४ साली पक्की कचेरी बांधली गेली, ती अजून आहे. १९६० च्या सुमारास गावात जवळपास दोन हजार माणसे होती. २००० साली ती १५७४ वर आली. दुष्काळ नाही, रोगराई नाही, मग माणसे गेली कुठे?

याचे उत्तर शेतीत आहे. १८६२ च्या कायद्याने तिकडे घरटी १६० एकर जमीन देऊन माणसे वसवली. मैल गुणिले मैल असा ६४० एकरांचा चौकोन आणि त्याचा चौथा हिस्सा एका कुटुंबाला, असा सरळ पट्टीने आखलेला मुलूख. विमानातून पाहिला तर सोंगट्यांचा पट वाटेल. पाऊस सहाशे मिलिमीटरच्या आसपास. सप्टेंबर-ऑक्टोबरात गहू पेरायचा, थंडीत तो बर्फाखाली झोपतो, वसंतात उठतो आणि जूनमध्ये कापणीला येतो. जिथे जमिनीखाली पाणी आहे तिथे चाकांवर गोल फिरणारी लांबलचक नळी पाणी देते, म्हणून चौकोनी शेतात पीक गोल दिसते. सुरुवातीला १६० एकरांत घर चालायचे. मग ट्रॅक्टर आला, कंबाईन आले, यंत्रे मोठी होत गेली. एक माणूस हजार-दोन हजार एकर करू लागला. शेजाऱ्याने शेत विकले की ते घेणारा जवळचाच असतो, पण विकणाऱ्याचे घर रिकामे होते. घर रिकामे झाले की शाळेतली दोन-तीन मुले कमी होतात, दुकानाचे एक गिऱ्हाईक जाते. आपल्याकडे जमिनीचे तुकडे होऊन शेती अडचणीत येते, तिकडे तुकडे जुळत गेले आणि गावे ओस पडली. रोगाची लक्षणे उलटी, पण पोरे शहराकडे जाणार हे दोन्हीकडे ठरलेलेच.

असे हे हळूहळू झिजणारे गाव. ४ मे २००७, शुक्रवारची रात्र.

आपल्याकडे उन्हाळ्यात शेतात वावटळ उठते आणि पाचोळा गरगर फिरवत नेते. टोर्नेडो दिसायला त्याच जातीचा, पण तो ढगातून सोंडेसारखा खाली उतरतो आणि वाटेत येईल ते उचलतो. त्या रात्री पावणेदहाच्या सुमारास आलेल्या टोर्नेडोची रुंदी पावणेतीन किलोमीटरच्या घरात होती. गावापेक्षा वादळ रुंद! वाऱ्याचा वेग ताशी ३३० किलोमीटरच्या आसपास धरला गेला. अमेरिकेने त्याच वर्षी फेब्रुवारीत वादळे मोजायची नवी पट्टी सुरू केली होती. त्या पट्टीवर सर्वांत वरचा, पाचवा क्रमांक मिळालेले हे पहिले वादळ.

गावाचा सुमारे ९५ टक्के भाग जमीनदोस्त झाला. शाळा, दवाखाना, पाण्याची टाकी, चर्च, बाजारपेठ, सगळे गेले. विहिरीवरचे संग्रहालयही गेले. अकरा माणसे मेली. हा आकडा कमी नाही, पण सुमारे चौदाशे माणसांचे गाव मुळापासून उखडले गेले त्या मानाने तो लहानच म्हणायचा. हवामान खात्याने वेळेवर इशारा दिला होता, भोंगे वीसेक मिनिटे आधी वाजले होते आणि भोंगा वाजला की तळघरात जायचे हे लहान पोरांनाही ठाऊक होते. यातली एक गोष्ट जरी चुकली असती तरी आकडा वेगळा दिसला असता. इशारा देणारे खाते आणि तो ऐकणारी माणसे, दोन्ही लागतात.

सकाळी उजाडले तेव्हा उभ्या असलेल्या थोड्याशा गोष्टींत दोन ठळक होत्या, १९१४ ची कचेरी आणि धान्याचा उंच सिमेंटचा कोठा. महिन्यावर गव्हाची कापणी आली होती.

आता खरा प्रश्न आला. गाव पुन्हा बांधायचे की नाही? असेही म्हणता आले असते की, मरायला टेकलेलेच गाव होते, वादळाने काम पुरे केले, घ्या विम्याचे पैसे आणि जा शहरात. पुष्कळांनी तेच केले आणि त्यांना दोष देता येत नाही. जुन्या घराची किंमत कमी, म्हणून विमाही तेवढाच. त्या पैशात नवे घर उभे राहत नव्हते. साठी-सत्तरीच्या माणसाने पुन्हा कर्ज का काढावे?

जे राहिले ते सरकारने दिलेल्या चाकांवरच्या तात्पुरत्या घरांत राहिले. मोठा तंबू ठोकून त्यात गावाच्या सभा भरत, शेकडो माणसे येत. ग्रामसभा म्हणतात ती हीच. आपल्याकडे कोरमसाठी माणसे शोधावी लागतात, तिथे घरच नसल्याने सगळे हजर! या सभांतून ठरले की बांधायचे तर पुढच्या पन्नास-शंभर वर्षांचा विचार करून बांधायचे. वीज कमी खाणारे, वाऱ्याला टिकणारे, पावसाचे पाणी साठवणारे. वादळाला वर्ष व्हायच्या आत नगरपालिकेने ठराव केला की चार हजार चौरस फुटांवरची पालिकेची प्रत्येक नवी इमारत ‘लीड’ या अमेरिकी प्रमाणपत्राच्या सर्वांत वरच्या, म्हणजे प्लॅटिनम पायरीची असेल. असा ठराव करणारे ते अमेरिकेतले पहिले शहर. २००८ साली महापौर झालेले बॉब डिक्सन हे गावचे निवृत्त पोस्टमास्तर. पर्यावरण चळवळीतला माणूस नव्हे.

शेतकऱ्याला हे सगळे शहरी थेर वाटले नाही का? कुरकुर झाली असणारच. पण त्यांना पटवताना आजे-पणजे कामाला आले. पहिल्या वसाहतवाल्यांकडे लाकूड नव्हते, त्यांनी मातीच्या ढेपांची घरे बांधली, पवनचक्कीने पाणी ओढले, पाऊस टाक्यांत धरला. म्हणजे नवीन काही नव्हते. वारा, ऊन आणि पाणी वाया घालवू नका, एवढेच. नव्या घरांची पाहणी झाली तेव्हा त्यांना सुमारे चाळीस टक्के वीज-इंधन कमी लागत असल्याचे दिसले. महिन्याच्या बिलात दिसणारी बचत कुणालाही कळते.

मुलांची शाळा तीन वर्षे तात्पुरत्या खोल्यांत भरली. २००८ साली हायस्कूलचा निरोप समारंभ झाला तेव्हा राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश स्वतः भाषणाला आले होते. दवाखानाही आधी तंबूत, मग तात्पुरत्या खोल्यांत चालला. २०१० मध्ये शाळा आणि दवाखाना दोन्ही नव्या इमारतींत गेले. कचेरी पाडली नाही, दुरुस्त करून पुन्हा वापरात आणली. विहिरीवर २०१२ साली नवे संग्रहालय झाले.

त्या संग्रहालयात सुमारे अर्ध्या टनाची एक उल्का आहे. तिच्यावरून एक आठवण सांगतो. याच काउंटीत हॅव्हिलंडजवळ शेती करणाऱ्या एलायझा किंबर्ली या बाईंनी १८८० च्या दशकात शेतात सापडणारे जड काळे दगड गोळा करायला सुरुवात केली. शेजारीपाजारी हसत. बाई मात्र जाणकारांना पत्रे लिहीत राहिल्या. अखेर १८९० साली एक प्राध्यापक आले, दगड आकाशातून पडलेले निघाले आणि चांगल्या भावाने विकले गेले. शेतातल्या दगडाला नेहमी नुसती शिवी देऊ नये!

विजेची गोष्ट आपल्या जवळची आहे. गावाच्या बाहेर २०१० साली दहा पवनचक्क्या सुरू झाल्या, प्रत्येकी सव्वा मेगावॉटच्या, एकूण साडेबारा मेगावॉट. गावाला लागणाऱ्या विजेपेक्षा ही कितीतरी जास्त, उरलेली बाहेर जाते. प्रकल्प उभारला जॉन डिअरच्या ऊर्जा कंपनीने, ज्यांचा ट्रॅक्टरचा कारखाना पुण्याजवळ सणसवाडीला आहे. आणि त्या दहाही पवनचक्क्या सुझलॉनच्या, म्हणजे पुण्यात मुख्यालय असलेल्या कंपनीच्या. साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावर ज्या कंपनीची पाती फिरताना तुम्ही पाहिली असतील, तीच. सुझलॉनने पुढे फार वाईट दिवस पाहिले, कर्जाने ती जवळजवळ बुडाली होती, तो भाग वेगळा.

मग सगळे छान झाले का? नाही. २०१० च्या जनगणनेत गावात ७७७ माणसे निघाली, म्हणजे दहा वर्षांपूर्वीच्या निम्मी. २०२० मध्ये ७४०. उत्तम शाळा आहे, दवाखाना आहे, वीज आहे. पण नोकऱ्या नाहीत आणि नवे घर बांधणे महाग. इमारती बांधल्या म्हणून माणसे येत नाहीत, हे गावाने दहा वर्षांत पाहिले. उद्योग येतील म्हणून लहान व्यवसायांसाठी गाळे बांधले, काही दुकाने चालली, मोठे काही आले नाही.

पण दुसरी बाजूही मांडली पाहिजे. २०१० ते २०२० या दहा वर्षांत गावाची घट ३७ माणसांवर थांबली. त्या माळावरच्या गावांच्या मानाने हे थांबणेच आहे. शेजारच्या मलिनव्हिल गावची मुले आता ग्रीन्सबर्गच्याच शाळेत येतात आणि शाळेला एका गावाचे नव्हे, कायोवा काउंटीचे नाव आहे. २००७ साली त्यांनी आधी घरे, मग शाळा-दवाखाना पुढे कधीतरी, असा हिशेब केला असता तर ठाणे कागदावर राहिले असते. आधी सार्वजनिक इमारती धरल्या म्हणून काउंटीच्या माणसांना कामासाठी, दवापाण्यासाठी आणि मुलांसाठी अजून याच गावी यावे लागते. आणि जूनमध्ये कंबाईन शेतात उतरली की गव्हाचे ट्रक अजून त्या सिमेंटच्या कोठ्याच्या काट्यावर येऊन उभे राहतात.